भिकुबाईला मनाई

बुधवारी सकाळी भावपत्रक छापून बाहेर आलं, तेव्हा त्यात धुळे नव्हतं. इंदूर होतं, अकोला होतं, राजकोट होतं. कापूस, तूर, हरभरा, सगळं आपापल्या जागी. धुळ्याच्या ओळीत मात्र नुसत्या आडव्या रेघा.

कुंदा फालकने कागद खिडकीकडे धरून पुन्हा पाहिला. रेघाच होत्या.

जळगावच्या डाळ मिलवाल्यांच्या संघाने शहाण्णव साली दाणाबाजारात एका दुकानावरच्या मजल्यावर माहिती केंद्र काढलं होतं. तिथे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक फॅक्स आणि एक टेलिफोनची लाइन असा सगळा संसार होता आणि तो चालवायला कुंदा होती. ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. काही वर्षं कॉलेजात शिकवून मग इकडे आलेली. तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता. रोज सकाळी तो टेलिफोनच्या लाइनवरून बाहेर पडायचा, गावोगावच्या व्यापारी संघांच्या वेबसाइट फिरायचा आणि भाव घेऊन यायचा. अशा प्रोग्रॅमला रोबोट म्हणतात. हात-पाय नाहीत, नुसतं येणं-जाणं.

रोबोटला नाव द्यावं लागतं. कुंदाने सावद्याच्या आपल्या आत्याचं नाव दिलं, भिकुबाई. भिकुआत्या सख्ख्या भावाच्या घरी आली तरी उंबऱ्याशी थांबून ‘येऊ का वं माय?’ असं विचारायची. आतून ‘ये’ आल्याशिवाय पाऊल टाकायची नाही.

कुंदाचा रोबोटही तसाच होता. वेबसाइटच्या दाराशीच एक छोटी फाइल ठेवलेली असते, ‘रोबोट्स’ नावाची. तिच्यात ओळींच्या जोड्या असतात. वरच्या ओळीत रोबोटचं नाव, खालच्या ओळीत त्याला कुठल्या कप्प्यात मनाई ते. नावाच्या जागी चांदणी काढली म्हणजे ज्यांचं नाव वेगळं घेतलेलं नाही ते सगळे. मनाईच्या जागी नुसती तिरपी रेघ काढली म्हणजे अख्ख्या घरात मनाई. ही फाइल पाळलीच पाहिजे असा काही कायदा नव्हता, आणि न पाळणारे पुष्कळ होते. भिकुबाई मात्र आधी ती फाइल वाचायची, आपल्याला काय समजलं ते कुंदासाठी लिहून ठेवायची आणि मगच आत जायची.

धुळ्याच्या दाराशी काय झालं ते पाहायला कुंदाने भिकुबाईचं टिपण उघडलं. दोनच ओळी होत्या. बाकी सगळे: सर्वत्र मनाई. भिकुबाई: सर्वत्र मनाई.

पहिली ओळ तिला समजली. दुसऱ्या ओळीवर तिची नजर अडकली. सगळ्यांना बाहेर काढल्यावर भिकुबाईचं नाव वेगळं घ्यायची गरज काय?

“हाकललं म्हणा की भिकुबाईला,” तिच्या खांद्यावरून वाचत रतिलालभाई म्हणाले. ते संघाचे सेक्रेटरी. त्यांची स्वतःची डाळ मिल होती. पोत्यातली वरची मूठ बघून सौदा करणारा हा माणूस नव्हे. लोखंडी परखी पोत्याच्या तळापर्यंत खुपसून तिथले दाणे काढणारा, आणि तेही चावून बघणारा.

“फाइल बदललीय त्यांनी,” कुंदा म्हणाली.

“तिथे कोण बघतं हे?”

“चुडामण देवरे.”

“तुमच्या वर्गातला ना? मग तर झालंच. परका माणूस नुसतं दार लावतो. नाव घेऊन हाकलायला ओळखीचाच लागतो.”

हे वाक्य कुंदाच्या मनात कुसळासारखं घुसलं. चुडामण आणि ती एम.एस्सी.ला एका बाकावर बसायचे. तो साक्रीकडच्या खेड्यातला, खुशीत आला की अहिराणीत शिरायचा. धुळ्याच्या जिनिंगवाल्यांच्या संघात तो आता कॉम्प्युटर सांभाळत होता. दरवर्षी दिवाळीनंतर संघाचे अध्यक्ष मगनआबा ‘हां, राहू द्या’ म्हणायचे आणि त्याचं पुढचं वर्ष निघायचं. या सगळ्या मुलखात रोबोट, फाइल, प्रोग्रॅम हे शब्द ज्याच्याशी बोलता येतील असा कुंदाला तो एकच माणूस होता.

तिने धुळ्याला फोन लावला.

“बोल वं बाई,” पलीकडून चुडामणचा आवाज आला. “बठ्ठं ठीक शे ना?”

“फाइल बदललीस?”

“बदलली ना, काल सांजले. पाहिलीस का?”

“पाहिली.”

“मग? कसं वाटलं?”

त्याच्या आवाजात हसू होतं.

“का केलंस असं?”

“करावंच लागलं. बाहेरचे लोक फारच मातले होते. शनिवारी बैठकीला येतेस ना? तेव्हा सांगतो सगळं. आत्ता माझ्यासमोर लोक बसलेत.”

“कोण लोक?”

“आहेत पुण्याचे कोणी,” तो आवाज उतरवून म्हणाला. “ठेव आता.”

कुंदाने रिसीव्हर ठेवला. बाहेरचे लोक. धुळ्याला जळगाव बाहेरचंच. आणि पुण्याचे लोक आत, खुर्चीवर बसलेले.

“काय म्हणतो?” रतिलालभाईंनी विचारलं.

“करावंच लागलं म्हणतो.”

“कबूलच केलं की मग.” ते खुर्ची ओढून बसले. “मी काय म्हणतो, ती फाइल वाचूच नका ना. भिकुबाईला सरळ आत जाऊ द्या. होतं का तसं?”

“होतं. एक ओळ काढली की होतं.”

“मग काढा.”

“नाही.”

“का? मशीनला कुठे लाज असते?”

“मशीनला नसते,” कुंदा म्हणाली आणि कामाला लागली.

तिने प्रोग्रॅम तपासला नाही असं नाही. त्याच दिवशी तपासला. फोन नीट लागला होता का, फाइल पूर्ण आली होती का, मधली एखादी ओळ गळली तर नव्हती. सगळं बरोबर होतं. इंदूरचे, अकोल्याचे नियम तोच प्रोग्रॅम बिनचूक वाचत होता. मोजमापाचं यंत्र ठीक आहे एवढी खात्री झाल्यावर तिने मोजमापावर विश्वास ठेवला. शिकलीच होती तसं.

गुरुवारी रतिलालभाई बातमी घेऊन आले. त्यांच्या धुळ्याच्या साडूने चुडामणला पुण्याच्या दोघांबरोबर चहा पिताना पाहिलं होतं. पुण्याच्या त्या कंपनीला खानदेशचं भावपत्रक काढायचं होतं, हे दाणाबाजारात आधीच कानावर आलं होतं.

“शनिवारी मगनआबांसमोर हे मांडतो,” ते म्हणाले. “तो माणूस तिथून हलल्याशिवाय आपलं धुळं परत यायचं नाही. आबांना कॉम्प्युटर कळत नाही, पण फितुरी कळते. मला भिकुबाईचं ते टिपण छापून द्या. तुमचा शब्द आणि हा कागद, बस झालं.”

चुडामणचं वय चाळिशीला टेकलेलं. दोन मुली शाळेत. संघाने काढलं तर त्याचं काम ज्याला उपयोगी पडेल असं दुसरं ठिकाण धुळ्यात नव्हतं. कुंदाला हे सगळं ठाऊक होतं. फोन तिच्या हाताशी होता. पण संशय आला की माणूस विचारायचं सोडतो आणि जुळवत बसतो. काल सांजले, कसं वाटलं, बाहेरचे लोक, पुण्याचे लोक. एकेक तुकडा दुसऱ्याला बरोबर बसत गेला. कागद तिनेच छापून दिला.

शनिवारी रतिलालभाईंच्या गाडीतून ते धुळ्याला निघाले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालू होती. रतिलालभाई सगळ्या रस्त्यात बैठकीत कुठून सुरुवात करायची ते स्वतःशीच घोकत होते. कुंदा बाहेर बघत होती.

संघाच्या कचेरीत चुडामणची खोली दाराजवळच होती. कुंदा दारात दिसताच त्याने चटकन हात पुढे करून पडदा बंद केला. कॉम्प्युटर चालूच होता, नुसता पडदा काळा केला. कुंदाने ते टिपलं.

“ये ना वं. भिकुबाई कशी शे?” तो उठत म्हणाला. तिने उत्तर देण्याआधीच आतून हाक आली, आबा वाट बघत होते.

मोठ्या खोलीत धुळ्याचे आठ-दहा जिनिंगवाले बसले होते. मधोमध मगनआबा. पांढरी टोपी, हाताशी अडकित्ता. कापसाची आवक, गाठींचे भाव, रेल्वेचे डबे असं बोलणं होत होत शेवटी रतिलालभाईंनी कागद आबांसमोर सरकवला.

“आबा, हे आमच्या मशीननं लिहिलंय. तुमच्या दारावर मनाईची पाटी आहे, आणि तीसुद्धा आमचं नाव घेऊन. दुसरीकडे पुण्याच्या लोकांना चहा. संघाने असं ठरवलं असेल तर तसं सांगा, आम्ही उठतो. पण संघाने ठरवलं नसेल, तर मग कोणी ठरवलं ते बघा.”

आबांनी कागद चुडामणकडे दिला. त्याने वाचला. पुन्हा वाचला.

“हे चूक आहे,” तो म्हणाला. “मी भिकुबाईला मोकळी सोडलीय.”

“आणि पुण्याचे?” रतिलालभाईंनी विचारलं.

“त्यांच्याचसाठी तर मनाई लिहिली. आपली साइट मुंबईच्या कंपनीकडे ठेवलेली आहे. महिन्याला येणं-जाणं किती करायचं ते ठरलेलं असतं. यांचा रोबोट दिवसभर येत-जात राहतो, गेल्या महिन्यात सगळं त्यानेच खाल्लं आणि शेवटचे काही दिवस आपली साइट बंद पडली. ते थांबवा, हे सांगायलाच बोलावलं होतं त्यांना.”

“चहा पाजून सांगितलं?”

“मग काय उन्हात उभं करून सांगू?”

दोघं-तिघं हसले. आबा हसले नाहीत. “दखाड,” ते म्हणाले, म्हणजे दाखव. सगळे उठून चुडामणच्या खोलीत गेले.

रतिलालभाई आधीच बोलून मोकळे झाले. “या मशीनवरची फाइल नको. ती आत्तासुद्धा बदलता येते. मुंबईला आहे ती दाखवा.”

चुडामणने फोन जोडला. मोडेम किरकिरला. मुंबईच्या कॉम्प्युटरवरची फाइल पडद्यावर आली तेव्हा कुंदाने सगळ्यात आधी तारीख पाहिली. मंगळवार संध्याकाळ. त्यानंतर फाइलला कोणी हात लावलेला नव्हता.

फाइल एवढीशी होती. वर चांदणी, तिच्याखाली मनाईसमोर तिरपी रेघ. मग मोकळी ओळ. त्याखाली भिकुबाईचं नाव, आणि त्याखाली पुन्हा ‘मनाई’ हा शब्द. त्याच्यासमोर काहीही नव्हतं.

भिकुबाईच्या नावाच्या वर आणखी एक ओळ होती. टेलिफोनच्या बटणावर असते तशी जाळीची खूण तिच्या सुरुवातीला होती. अशी खूण असलेली ओळ माणसांसाठी असते. रोबोट ती वाचत नाहीत, सोडून देतात. तिथे चुडामणने रोमन अक्षरांत अहिराणी लिहिली होती:

ही भिकुबाई आपली कुंदानी शे. इले अडावू नका.

कुंदाने ती ओळ वाचली आणि तिचे कान तापले.

“वाच, मोठ्यानं,” आबा म्हणाले. चुडामणने सगळं वाचून दाखवलं, जाळीची ओळसुद्धा.

“गोड लिहिलंय,” रतिलालभाई म्हणाले. “वर गोड लिहायचं आणि खाली मनाई. इथे काय आहे?” त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“काही नाही. रिकामं आहे.”

“म्हणजे वरचंच.”

खोलीतल्या माना हलल्या. खानदेशातल्या कुठल्याही बाजार समितीत भावाचा फळा असाच लिहितात. पहिल्या ओळीत भाव लिहायचा, आणि खालच्या मालाला तोच भाव असला तर जागा रिकामी सोडायची. एकच आकडा पुन्हा पुन्हा गिरवायला वेळ कोणाला आहे? रिकामं म्हणजे वरचंच. त्या खोलीतला प्रत्येक जण मिसरूड फुटायच्या आधीपासून फळा असाच वाचत आला होता.

“वरलंच शे,” आबा म्हणाले. “हाई तं पोऱ्याबी सांगी.”

इतका वेळ चुडामण वैतागला होता, पण घाबरला नव्हता. आता त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग कुंदाकडे.

“कुंदा, तू सांग यांना.”

कुंदाला सगळं लक्षात आलं होतं. गावोगावच्या वेबसाइटवरचे भावही व्यापाऱ्यांनीच लिहिलेले, फळ्यासारखेच. म्हणून भाव वाचणाऱ्या भागात तिने एक ओळ घातली होती: जागा रिकामी दिसली की वरचं घे. त्या ओळीचा तिला थोडा अभिमानही होता. पुढे दाराशी ठेवलेली फाइल वाचायची वेळ आली, तेव्हा तिलाही तोच भाग लावला. तिथेही एक नाव आणि एक गोष्ट अशाच ओळी होत्या, दुसऱ्यांदा कशाला लिहा? इंदूर-अकोल्याच्या फाइलमध्ये रिकामी जागा कधी आलीच नाही. धुळ्याच्या फाइलमध्ये ती आली, भिकुबाईने वरची तिरपी रेघ उचलून खाली ठेवली आणि टिपणात तसं लिहून टाकलं. कुंदाने टिपण वाचलं. फाइल वाचलीच नाही.

“ताई,” रतिलालभाई तिच्या कानाशी पुटपुटले, “तुम्ही बोलू नका. आबांचं ठरत आलंय.”

ठरत आलंच होतं. तिने काही खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं तरी खोलीतल्या प्रत्येकाला चुडामणची फाइलच चुडामणविरुद्ध साक्ष देताना दिसत होती. खरा नियम माहीत असलेली माणसं तिथे दोनच होती, आणि त्यातल्या एकावर कोणाचाही विश्वास उरला नव्हता.

“आबा,” ती म्हणाली, “फळ्यावर रिकामं म्हणजे वरचंच. पण या फाइलमध्ये रिकामं म्हणजे मनाई कसलीच नाही. ज्यांनी ही पद्धत काढली त्यांनीच तसं लिहून ठेवलंय. मी वाचलेलं आहे.”

“मंग हाऊ कागद?”

“प्रोग्रॅमने चुकीचं वाचलं.”

“प्रोग्रॅम कोणाचा?” चुडामणने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

“माझा,” कुंदा म्हणाली. “चूक माझी आहे. चुडामणने सगळ्यांना अडवून फक्त आम्हाला वाट दिली होती.”

आबा तिच्याकडे वळले. “म्हणजे यानं बठ्ठासले बाहेर काढं, तुले एकलीले दार उघडं ठेवं, आनि तूच यानी फिर्याद लई उनी?”

“हो, आबा.”

आबांनी कागदाची घडी घातली आणि रतिलालभाईंच्या हातात दिली. “देवऱ्याले कोठे जावानं नही,” ते बाकीच्यांना म्हणाले. “चला, चहा सांगा.”

सगळे आतल्या खोलीत परत गेले. कुंदा मागे राहिली. चुडामण फोनची वायर गुंडाळत होता.

“बुधवारी फोन केला होता मी,” ती म्हणाली. “तू म्हणालास, करावंच लागलं.”

“आणि तू म्हणालीस, पाहिली.”

कुंदा म्हणाली होती खरं. त्या एका शब्दावरच तो खुशीत पुढे बोलत गेला होता.

“पाहिली नव्हती,” ती म्हणाली.

“ते आता कळलं.” त्याने वायर खुंटीला अडकवली. तिची नजर काळ्या पडद्याच्या बटणाकडे गेलेली त्याने पाहिली. “तेही विचारून घे. मघाशी पडदा का बंद केला ते.”

“नाही, नको.”

“विचार ना. पत्ते खेळत होतो. आबांचा माणूस आला असं वाटलं.”

एरवी हे सांगताना तो हसला असता. कुंदाला त्यावरही क्षणभर शंका आली, खरंच पत्तेच होते का, आणि ती आल्याचं तिच्या चेहऱ्यावर उमटलं असावं. कारण चुडामण म्हणाला, “चहा निवेल,” आणि तिच्याआधी बाहेर पडला.

परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत रतिलालभाई कापसाच्या भावाचंच बोलत होते. मग म्हणाले, “खरं बोललात ते एक बरं झालं. पण तो माणूस जाताना हसला नाही. मनात काहीतरी ठेवलंय त्यानं.”

“ठेवणारच,” कुंदा म्हणाली.

सोमवारी सकाळी ती लवकर केंद्रात आली. फाइल वाचणारा भाग तिने भावांच्या भागापासून वेगळा काढून नव्याने लिहिला. रिकामं म्हणजे रिकामं. भिकुबाईला पाठवायच्या आधी तिने धुळ्याची फाइल स्वतः मागवली आणि पडद्यावर उघडली.

तारीख रविवारची होती. कुंदाने खुर्ची पुढे ओढली. चुडामणने भिकुबाईचं नाव काढून टाकलं असेल असं तिला वाटलं, आणि तसं केलं असतं तर त्याला बोलायला तिला तोंड नव्हतं.

वर चांदणी, खाली तिरपी रेघ. मोकळी ओळ. भिकुबाईचं नाव होतं. मनाईसमोरची जागा रिकामी होती, होती तशीच. जाळीच्या खुणेची ओळ तेवढी नव्हती.

ती फाइलच्या शेवटापर्यंत जाऊन आली. दुसरीकडे कुठे सरकवली असेल म्हणून पुन्हा वरून वाचली. नव्हतीच.

मग तिने भिकुबाईला पाठवलं. भिकुबाईने दाराशी थांबून फाइल वाचली, टिपणात ‘धुळे: मनाई नाही’ असं लिहिलं आणि आत जाऊन भाव आणले. त्या फाइलमधून काय गेलं हे तिला कळण्यासारखं नव्हतं. ती ओळ तिने आधीही वाचलेली नव्हती.

रतिलालभाई आले. त्यांनी प्रिंटरमधून पत्रक ओढून घेतलं आणि धुळ्याच्या ओळीवर अंगठा ठेवला.

“आलं ना धुळं. आता काय राहिलं?”

“काही नाही,” कुंदा म्हणाली आणि फॅक्सचा पहिला नंबर फिरवायला घेतला.